शुक्राने चिरडलेली याने

१९६७ सालच्या पूर्वार्धात मॉस्कोलगतच्या खिमकी येथे, लावोच्किन कारखान्यात, शुक्राकडे पाठवायचे एक यान तयार होत होते. त्यातून शुक्रावर जो गोळा उतरायचा होता त्याला एक कुलूप होते, आणि ते साखरेचे होते. शुक्रावर समुद्र असला आणि गोळा पाण्यात पडला तर साखर विरघळेल, कुलूप सुटेल आणि संदेश पाठवणारा अँटेना मोकळा होईल, अशी योजना होती. गोळा पाण्यावर तरंगेल अशा बेताने बांधलेला होता.

आज ४६० अंश सेल्सियस तापमानाच्या शुक्राची माहिती शाळेतल्या पुस्तकात असते, म्हणून हे वाचताना नवल वाटते. पण त्या अभियंत्यांकडे शुक्राबद्दल खात्रीचे असे फारच थोडे होते. १७६१ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी त्याच्या कडेला उजेडाची झालर पाहिली आणि या ग्रहाला वातावरण आहे असा निष्कर्ष काढला. पुढची दोनशे वर्षे दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, तरी दिसत राहिले ते ढगच. ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे जंगल, अशी कल्पनेची साखळी लांबत गेली. स्वीडनचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुक्रावर दमट, दलदलीचे रान उभे केले होते. १९३२ साली माउंट विल्सन वेधशाळेत शुक्राच्या प्रकाशात कार्बन डायऑक्साइडच्या खुणा सापडल्या. १९५६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या, आणि आकडे खरे धरले तर तिथे पाणी द्रवरूपात राहणेच अशक्य होते. मात्र ही उष्णता जमिनीची की वरच्या थरातल्या विद्युतभारित कणांचा आभास, यावर वाद होता, आणि तो पृथ्वीवर बसून सुटण्यासारखा नव्हता.

तिकडे जायलाच हवे होते. माणूस जाऊ शकत नव्हता, म्हणून यंत्रे गेली आणि एकामागून एक नष्ट झाली. शुक्राच्या संशोधनाचा हा काळ, साधारण १९६१ ते १९८५, मला अंतराळयुगातला सर्वांत शिकवणारा काळ वाटतो. चंद्रावर उतरण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र आपण कुठे उतरतो आहोत हेच ठाऊक नसताना उतरायचे होते. प्रत्येक यान कुठे, किती दाबाखाली आणि किती उष्णतेत बंद पडले, त्यावरूनच पुढच्या यानाचा आराखडा ठरत होता.

पहिले प्रयत्न सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या कचेरीतले. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी सोडलेले यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकले आणि जगाला ‘जड स्पुतनिक’ म्हणून सांगितले गेले. आठवडाभराने, १२ फेब्रुवारीला, व्हेनेरा-१ निघाले, पण काही दिवसांतच त्याचा संपर्क तुटला. मुके झालेले ते यान मे महिन्यात शुक्राजवळून सुमारे एक लाख किलोमीटर अंतरावरून निघून गेले. पुढे सोव्हिएत संघाने अशी रीतच पाडली की पृथ्वीची कक्षा सोडून गेलेल्या यानालाच ‘व्हेनेरा’ हे नाव द्यायचे आणि अडकलेल्याला ‘कॉसमॉस’चा एक क्रमांक. त्यामुळे व्हेनेरांचे क्रमांक ओळीने वाचले तर प्रवास बराच सुरळीत वाटतो. प्रत्यक्षात मधली कितीतरी याने त्या क्रमांकांच्या आड गाडली गेली आहेत.

यानांशी बोलण्यासाठी क्रिमियात येव्हपातोरिया येथे जो प्रचंड अँटेना उभारला होता त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. सोळा मीटर व्यासाच्या आठ तबकड्या एकत्र फिरवायच्या होत्या आणि वेळ अजिबात नव्हता. तेव्हा तबकड्यांना आधार म्हणून रेल्वेपुलाचा सांगाडा आणि पाणबुडीच्या कवचाचे भाग वापरले आणि हे सगळे धूड युद्धनौकेवरच्या तोफेच्या फिरत्या बुरुजावर बसवले. युद्धासाठी घडवलेल्या लोखंडाने शुक्राकडून येणारे क्षीण संदेश टिपले. मला त्या माणसांची ही घाई आणि हिकमत फार मोलाची वाटते.

शुक्राजवळ जिवंत पोहोचण्याचा पहिला मान मात्र अमेरिकेच्या मॅरिनर-२ ला मिळाला. १४ डिसेंबर १९६२ रोजी ते शुक्राजवळून सुमारे ३४,८०० किलोमीटरवरून गेले. त्याच्या रेडिओमापकाने ग्रहाच्या मध्यावर आणि कडेवर उष्णता तपासली. आभास वरच्या थरातला असता तर कडा अधिक उजळ दिसायला हवी होती. ती मंद दिसली. म्हणजे उष्णता खालून, जमिनीकडून येत होती. तरी जमिनीवर नेमके किती तापमान, किती दाब, हे जवळून जाणाऱ्या यानाला सांगता येईना.

१९६५ साली कोरोल्योव्ह यांनी ग्रहांकडे जाणाऱ्या यानांचे काम लावोच्किन कारखान्यातल्या गिओर्गी बाबाकिन यांच्याकडे सोपवले. जानेवारी १९६६ मध्ये कोरोल्योव्ह वारले. त्यांच्याच कचेरीत घडलेले व्हेनेरा-३ त्याच वर्षी १ मार्चला शुक्रावर आदळले. दुसऱ्या ग्रहाला टेकलेली ती मानवनिर्मित पहिली वस्तू. पण पोहोचण्याआधीच संपर्क तुटल्यामुळे तिने काहीच कळवले नाही. बाबाकिन यांनी आराखडा हाती घेतल्यावर एकेका भागाची पृथ्वीवरच कसून परीक्षा घेण्यावर भर दिला. वातावरणात शिरताना यानाला पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या तीनशेहून अधिक पट झटका बसणार होता. तो सोसता येतो का हे पाहण्यासाठी गोळे मोठ्या अपकेंद्री यंत्रात गरगर फिरवले गेले आणि फुटलेले गोळे नव्याने बांधले गेले.

साखरेच्या कुलपाचे ते यान म्हणजे व्हेनेरा-४. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी त्याचा गोळा शुक्राच्या रात्रीच्या बाजूला वातावरणात शिरला, पॅराशूट उघडले आणि दुसऱ्या ग्रहाच्या हवेतून मोजलेले आकडे प्रथमच पृथ्वीवर आले. तापमान ३३ अंशांपासून चढत २६२ अंशांपर्यंत गेले. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची होती. दीड तासाहून थोड्या अधिक काळानंतर संदेश थांबला. यान जमिनीवर पोहोचले, असे सोव्हिएत संघाने जाहीर केले.

ते पोहोचले नव्हते. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे मॅरिनर-५ शुक्राजवळून गेले आणि त्याच्या रेडिओलहरी शुक्राच्या वातावरणातून वाकून आल्या. त्यावरून जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या ७५ ते १०० पट निघत होता, तर व्हेनेरा-४ ने शेवटी मोजलेला दाब त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका होता. व्हेनेराच्या उंचीमापकाची रचना अशी होती की दोन वेगळ्या उंचींना तो एकच संकेत देऊ शके, आणि तिथे गफलत झाली होती. गोळा जमिनीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर उंचीवरच दाबाने चिरडला गेला होता. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी आपापले आकडे एकमेकांसमोर मांडून हा घोळ निस्तरला. यान कुठे मेले हे समजले, आणि त्यातूनच शुक्राचे वातावरण किती खोल आहे हेही.

व्हेनेरा-५ आणि ६ तोपर्यंत जवळजवळ तयार होती. त्यांना फार जाड करणे शक्य नव्हते. कवच थोडे मजबूत केले आणि पॅराशूट लहान केले, म्हणजे चिरडण्याआधी अधिक खाली पोहोचतील. मे १९६९ मध्ये दोन्ही याने एका दिवसाच्या अंतराने उतरली, प्रत्येकी पन्नासेक मिनिटे बोलली आणि संपली. ती खाली जिवंत पोहोचणार नाहीत हे त्यांना पाठवणाऱ्यांना माहीत होते.

आता बाबाकिन यांनी दुसरे टोक गाठले. व्हेनेरा-७ चा गोळा टायटॅनियमचा केला, पृथ्वीच्या १८० पट दाब आणि ५४० अंश उष्णता सोसेल असा. त्यासाठी उपकरणांचे वजन कमी करावे लागले. शुक्राच्या वातावरणात शिरण्याआधी गोळा आतून शून्याखाली आठ अंशांपर्यंत थंड करून ठेवला. १५ डिसेंबर १९७० रोजी तो उतरू लागला. उतरताना मापे पाठवणारी कळ अडकली आणि फक्त तापमानाचाच आकडा येत राहिला. शेवटच्या टप्प्यात पॅराशूट फाटले, गोळा ताशी साठेक किलोमीटर वेगाने आपटला आणि संदेश थांबला. आणखी एक यान गेले, असेच सर्वांनी धरले.

ओलेग र्झिगा नावाच्या रेडिओशास्त्रज्ञांनी मात्र ध्वनिफिती सोडल्या नाहीत. काही आठवड्यांनी, नोंदवलेल्या खरखरीत, नेहमीच्या शंभराव्या भागाइतक्या क्षीण झालेल्या संदेशाची रेघ त्यांना सापडली. आपटून उसळल्यावर गोळा बहुधा आडवा झाला होता आणि अँटेनाचे तोंड पृथ्वीकडे राहिले नव्हते. तो तसाच तेवीस मिनिटे बोलत राहिला होता, एकच एक आकडा सांगत: ४७५ अंश. संदेशाच्या कंपनसंख्येवरून वेगही कळत होता आणि तो शून्य होता. म्हणजे यान जमिनीवर स्थिर होते. उतरण्याचा वेग आणि तापमान यांवरून हिशेब करून दाब काढला. तो पृथ्वीच्या सुमारे ९० पट निघाला, समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून माणसाला मिळालेली ही पहिली वार्ता. ती ऐकू आली कारण एका माणसाने निराशेच्या निकालावर विश्वास ठेवला नाही. या सगळ्या इतिहासातली माझ्या लेखी सर्वांत थोर घटना हीच.

बाबाकिन यांचे ऑगस्ट १९७१ मध्ये वयाच्या ५६व्या वर्षी निधन झाले. व्हेनेरा-८ त्यांना पाहता आले नाही. जुलै १९७२ मध्ये ते शुक्राच्या उजेडाच्या बाजूला उतरले आणि पन्नास मिनिटे टिकले. मागच्या यानाचा धडा घेऊन या वेळी एक जादा अँटेना जमिनीवर टाकण्याची सोय केली होती. त्याच्या प्रकाशमापकाने सांगितले की इतक्या ढगांखालीही खाली ढगाळ दिवसाइतका उजेड पोहोचतो. म्हणजे छायाचित्रे घेता येतील.

व्हेनेरा-८ चे जुळे यान चारच दिवसांनी, ३१ मार्च १९७२ रोजी निघाले होते, पण ते पृथ्वीच्या कक्षेत अडकले आणि त्याला कॉसमॉस-४८२ हे नाव मिळाले. त्याचा सुमारे अर्ध्या टनाचा गोळा त्रेपन्न वर्षे पृथ्वीभोवती फिरत राहिला. १० मे २०२५ रोजी तो वातावरणात शिरला. शुक्राची हवा सोसण्यासाठी बांधलेला असल्याने तो जळून न जाता अखंड खाली येईल अशी अनेकांची अटकळ होती. रशियन अंतराळसंस्थेने तो हिंद महासागरात, जकार्ताच्या पश्चिमेला पडल्याचे सांगितले.

छायाचित्रांसाठी यान नवे हवे होते. आता प्रोटॉन हे ताकदीचे रॉकेट हाताशी होते, त्यामुळे पाच टनांचे यान पाठवता येऊ लागले. एक भाग शुक्राभोवती फिरत राहील आणि दुसरा उतरेल, खालचा बोलेल आणि वरचा ते पृथ्वीकडे पोहोचवेल. उतरणारा भाग जाड उष्णतारोधकात गुंडाळलेला गोळा होता. आत लिथियमचा एक क्षार ठेवला होता, जो वितळताना उष्णता शोषून घेतो. शुक्राची हवा इतकी दाट की पन्नास किलोमीटर उंचीवरच पॅराशूट सोडून दिले तरी चालते. गोळ्याभोवतीची एक रुंद धातूची चकती पुढचा वेग आवरायला पुरेशी होती. कॅमेरा बाहेर टिकला नसता, म्हणून तो आतच ठेवून जाड क्वार्ट्‌झच्या खिडकीतून आणि परिदर्शकातून बाहेर पाहायचा. आरसा डोलत डोलत एकेक उभी रेघ टिपणार आणि एक संपूर्ण चित्र पाठवायला सुमारे अर्धा तास लागणार होता. अंधार फार असला तर म्हणून दिवेही दिले होते.

२२ ऑक्टोबर १९७५ रोजी व्हेनेरा-९ उतरले. दिव्यांची गरज पडली नाही. रेघ रेघ जोडत चित्र उमटले, तेव्हा त्यात धारदार कडांचे, विखुरलेले दगड होते आणि वरच्या कोपऱ्यात क्षितिज. दाट हवेने सगळे झिजवून वाळू केली असेल अशी अपेक्षा होती. हे दगड मात्र भूशास्त्राच्या भाषेत तरुण होते, नुकतेच फुटल्यासारखे. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेले हे पहिले छायाचित्र. तीन दिवसांनी व्हेनेरा-१० ने सपाट, फरसबंद दिसणारी जमीन दाखवली. दोन्ही यानांवर प्रत्येकी दोन कॅमेरे होते आणि दोन्हीकडे एकेका कॅमेऱ्याचे झाकण निघालेच नाही. १९७८ च्या डिसेंबरमध्ये व्हेनेरा-११ आणि १२ च्या कोणत्याच कॅमेऱ्याचे झाकण उघडले नाही. अनुक्रमे ९५ आणि ११० मिनिटे जिवंत राहिलेली ती याने चित्राविना संपली. मात्र त्यांच्यावरच्या उपकरणांना विजेच्या कडकडाटासारखे रेडिओस्फोट ऐकू आले, आणि ती खरोखर वीज होती का यावर अजून एकमत नाही.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या पायोनियर व्हीनस मोहिमेने चार शोधके वातावरणात सोडली. ती जमिनीवर टिकण्यासाठी बांधलेलीच नव्हती, तरी त्यांतले एक आपटल्यावर सत्तरेक मिनिटे बोलत राहिले. पण मला त्या मोहिमेतले अधिक महत्त्वाचे वाटते ते एक मापन. तिथल्या हवेत साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आढळले. हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला आणि जड मागे राहिला, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे शुक्रावर एके काळी बरेच पाणी होते. ज्यांनी समुद्राची शक्यता धरून साखरेचे कुलूप केले ते अभियंते एका अर्थी चुकले नव्हते, फक्त कोट्यवधी वर्षे उशिरा पोहोचले. तापलेल्या हवेने पाणी वाफ होऊन गेले, वाफेने उष्णता आणखी अडवली आणि कार्बन डायऑक्साइडला पुन्हा खडकांत घेऊन जाणारे पाणीच उरले नाही. पृथ्वीच्या हवामानबदलाबद्दल पुढे जगाला जागे करणारे जेम्स हॅन्सन यांचे सुरुवातीचे संशोधन शुक्राच्या ढगांवर होते, हा योगायोग मानता येत नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे मार्च १९८२. १ मार्चला व्हेनेरा-१३ उतरले. ते ३२ मिनिटे टिकावे असा बेत होता, टिकले १२७ मिनिटे. त्याने रंगीत चित्रे पाठवली: नारिंगी उजेडात चपट्या दगडांची जमीन आणि यानाच्या दातेरी कडेजवळ पडलेले कॅमेऱ्याचे झाकण. या वेळी झाकणे निघाली होती. यानावर एक गिरमिटही होते. त्याचे भाग थंड असताना एकमेकांत नीट बसत नसत. शुक्राच्या उष्णतेने ते प्रसरण पावले की मगच जुळत. सुमारे तीन सेंटीमीटर खोल भोक पाडून गिरमिटाने खडकाचा चुरा काढला, एकापाठोपाठ बंद होणाऱ्या दारांतून तो आतल्या कप्प्यात नेला, आणि तिथे दाब व तापमान पृथ्वीच्या प्रयोगशाळेला शोभेल इतके खाली आणून क्ष-किरणांनी तपासला. बेसाल्ट निघाला, पोटॅशियम भरपूर असलेला. चार दिवसांनी जवळजवळ हजार किलोमीटर दूर उतरलेल्या व्हेनेरा-१४ ला पृथ्वीवरच्या समुद्रतळाशी असतो तशा जातीचा बेसाल्ट मिळाला. त्याच यानाला जमीन किती घट्ट आहे हे मोजण्यासाठी एक दांडी खाली टेकवायची होती. ती नेमकी गळून पडलेल्या झाकणावरच टेकली, आणि जमिनीऐवजी झाकणाचे माप आले.

पुढच्या दोन यानांनी रडारने ढगांपलीकडे पाहून उत्तर गोलार्धाचा मोठा भाग नकाशावर आणला, आणि जून १९८५ मध्ये वेगा-१ व २ यांनी हॅलेच्या धूमकेतूकडे जाता जाता शुक्रावर यंत्रे सोडली. या वेळी फुगेही होते. चौपन्न किलोमीटर उंचीवर, जिथे हवेचा दाब आणि ऊब पृथ्वीवरच्या माणसाला ओळखीची वाटेल, तिथे हे हीलियमचे फुगे बॅटरी संपेपर्यंत सेहेचाळीस तास तरंगले आणि वाऱ्याबरोबर अकरा हजार किलोमीटरहून अधिक गेले. त्यांचा माग सोव्हिएत, अमेरिकी आणि युरोपीय रेडिओदुर्बिणींनी मिळून घेतला. १५ जून १९८५ ला वेगा-२ चे यान जमिनीवर उतरले. त्यानंतर आजतागायत शुक्राच्या जमिनीवर एकही यान उतरलेले नाही. व्हेनेरा-७ पासून वेगा-२ पर्यंत दहा सोव्हिएत याने त्या जमिनीवर बोलली, आणि त्यांचा सगळा वेळ एकत्र केला तरी बारा तास भरत नाहीत. तिथल्या खडकांबद्दल आपल्याला थेट जे माहीत आहे ते एवढ्या वेळातले.

ग्रहाचा जवळजवळ संपूर्ण नकाशा १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने रडारने काढला. शुक्रावरच्या स्थळांना स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलसंघाचा प्रघात आहे. त्यामुळे या नकाशात सुमारे चौतीस किलोमीटर रुंदीचे एक विवर कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे आहे, आणि पंडिता रमाबाई व मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावांचीही विवरे आहेत.

मॅगेलनची जुनी चित्रे अजून बोलत आहेत. २०२३ साली रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी माआत मॉन्स या ज्वालामुखीजवळची फेब्रुवारी आणि ऑक्टोबर १९९१ ची चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा एक मुख आठ महिन्यांत आकाराने वाढलेले आणि बदललेले आढळले. शुक्र आतून अजून जागा असल्याचा हा भक्कम पुरावा. आता ताडून पाहायला दुसरा नकाशा हवा. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांची शुक्रमोहीम मंजूर केली आहे आणि मार्च २०२८ मध्ये यान सोडण्याचा बेत आहे. ते शुक्राभोवती फिरून रडारने जमीन पाहील. मॅगेलनच्या नकाशापासून तोपर्यंत तीसहून अधिक वर्षे उलटलेली असतील, आणि मधल्या काळात कुठे नवा लाव्हा पसरला असेल तर तो दोन्ही नकाशांतल्या फरकातून दिसेल.